आजोबांचे नाव आणि अब्राहामाचे वतन

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तराआधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही राहिले असेल तर ते तुम्हांला लगेच दिसेल. तुमचा बाप्तिस्मा पाच वर्षांपूर्वी झाला आणि घरातले तुम्ही पहिलेच ख्रिस्ती. आजोबा माळकरी होते, दरवर्षी पायी पंढरीची वारी करीत, आणि तुम्हांला लहानाचे मोठे त्यांनीच केले. आता ते हयात नाहीत. मध्यंतरी तुम्ही एका शिबिराला गेलात. तेथे एका उपदेशकाने छापील कागद वाटला, त्यावर तीन पिढ्यांची नावे लिहायला लावली आणि प्रत्येक नावावर काट मारून ‘या वंशाशी माझा संबंध तुटला’ असे मोठ्याने म्हणायला सांगितले. त्याचे म्हणणे असे की तुम्ही आता अब्राहामाचे संतान आहात, त्याची गुरेढोरे, चांदी आणि सोने ज्या आशीर्वादाने आली तो आशीर्वाद तुमचा आहे, आणि तो अडला आहे तो जुन्या वंशाच्या शापामुळे. आजोबांच्या नावाशी तुमचे पेन थांबले आणि कागदाची घडी खिशात घालून तुम्ही घरी आलात. इकडे तुमचे चुलते म्हणतात की धर्म बदललास तेव्हाच घराण्यावर पाणी सोडलेस, आता जमिनीचे नाव काढू नकोस. दोन महिन्यांवर तुमचे लग्न आहे, पत्रिकेचा मजकूर छापखान्यात द्यायचा आहे, आणि तुम्ही विचारता की त्यात आजोबांचे नाव घालावे की नाही.

पत्रिका हे निमित्त आहे, असे मला वाटते. तो उपदेशक आणि तुमचे चुलते एकमेकांना ओळखतही नसतील, पण दोघांनी तुम्हांला एकच गोष्ट सांगितली आहे: माणूस एका वेळी एकाच वंशाचा असतो, आणि नवा वंश हवा असेल तर जुना टाकावा लागतो. तुमचा खरा प्रश्न या गृहीतकाचा आहे. ते शास्त्राला धरून आहे का, हे पाहिले की पत्रिकेचा मजकूर तुम्हांला फार वेळ अडवणार नाही.

मी सव्वीस वर्षे पाळकीय सेवेत आहे. त्यांतली निम्मी वर्षे खेड्यांतल्या लहान मंडळ्यांत गेली, जिथे काही घरे चार पिढ्यांची ख्रिस्ती असतात आणि काही कालपरवा आलेली. मी प्रोटेस्टंट परंपरेतला आहे. वसईचा एखादा कॅथलिक धर्मगुरू बाप्तिस्म्याच्या संस्काराविषयी माझ्यापेक्षा वेगळ्या शब्दांत लिहील, हे लक्षात ठेवून वाचा. शिवाय तुमच्या घरची माणसे मला ठाऊक नाहीत. शास्त्र काय म्हणते ते मी ठामपणे सांगू शकतो, घरी कोणापुढे काय आणि केव्हा बोलावे ते मात्र तुम्हीच ठरवायचे आहे.

उपदेशकाने अब्राहामाचे नाव घेतले आहे, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करू. यहोशवाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात शखेम येथे जमलेल्या इस्राएल लोकांना आठवण करून दिली जाते की तुमचे पूर्वज, अब्राहाम व नाहोर यांचा बाप तेरह, नदीपलीकडे राहत असत आणि अन्य देवांची सेवा करीत असत. म्हणजे विश्वास ठेवणाऱ्या सर्वांचा बाप म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो स्वतः आपल्या घरातला पहिलाच होता. त्याच्या मागे विश्वासाची एकही पिढी नव्हती. तरीही शास्त्राने तेरहाच्या नावावर काट मारलेली नाही. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात ते नाव आहे आणि लूकच्या तिसऱ्या अध्यायात, प्रभू येशूच्या वंशावळीतही ते तसेच आहे.

यावर उपदेशक उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायाचे पहिले वचन पुढे करील, आणि ते वचन खरेच कठोर आहे: देश, नातलग आणि बापाचे घर सोडून नीघ. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस हारान सोडून निघाला, यातला तुटलेपणा मी कमी लेखत नाही. आपल्याकडे घर सोडणे म्हणजे काय असते ते मी पाहिले आहे. पण पुढे चोविसाव्या अध्यायापर्यंत वाचा. मुलगा इसहाक याच्यासाठी मुलगी पाहायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्या अब्राहामाने आपल्या कारभाऱ्याला कनानात स्थळ पाहू दिले नाही. माझ्या देशाला, माझ्या आप्तांकडे जा, असे सांगून त्याला परत त्याच घराण्याकडे धाडले. रिबका ही नाहोराची, म्हणजे अब्राहामाच्या सख्ख्या भावाची नात. ज्या घरातून तो बाहेर पडला त्याच घराशी त्याने सोयरीक केली. मूर्ती तिथेच सोडल्या, माणसे सोडली नाहीत.

आता अभिवचनाकडे येऊ. पंधराव्या अध्यायात अब्राहाम देवापुढे जी तक्रार मांडतो ती अगदी वारसाहक्काची आहे. मला मूलबाळ नाही, दिमिष्कचा एलियेजर हा माझ्या घरातला चाकरच माझा वारीस होणार, असे तो म्हणतो. देव त्याला तंबूबाहेर नेतो, आकाशातले तारे मोजायला सांगतो आणि म्हणतो, तुझी संतती अशी होईल. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व असा गणला गेला, हे प्रसिद्ध सहावे वचन इथलेच. पण पुढच्याच क्षणी तो पुन्हा विचारतो की ही भूमी मला मिळेल हे मी कशावरून समजू? मग तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, होला आणि पारव्याचे पिल्लू आणले जाते. पाखरे सोडून बाकीची जनावरे मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडले जातात. घारीगिधाडे त्यांवर झडप घालू लागतात आणि अब्राहाम त्यांना हाकलत बसतो. सूर्य मावळतो, त्याला गाढ झोप लागते, आणि अंधारात धुमसणारी भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून निघून जाते.

हे दृश्य मी बायबल वर्गात सावकाश वाचून घेतो, कारण वारसाचा सगळा विषय त्यात आहे. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो, असा त्याचा अर्थ असे. येथे अब्राहाम चालतच नाही. तो झोपलेला आहे. मधून जातो तो एकटा देव. सगळा भार एकाच पक्षाने उचलला, आणि दुसऱ्या पक्षाने केलेले काम म्हणावे तर गिधाडे हाकलण्याचे.

म्हणून ‘तुझा विश्वास कमी पडतो, त्यामुळे आशीर्वाद अडला’ असे कोणी म्हणाले की मला हे दृश्य आठवते. विश्वास हा वारसाची किंमत असता, तर ज्याच्याजवळ तो जास्त त्याला वाटा मोठा, असा हिशेब झाला असता. अब्राहामाचा विश्वास काही सतत उंच राहिला नाही. जीव वाचवण्यासाठी त्याने आपली बायको सारा हिला दोनदा बहीण म्हणून सांगितले, दासी हागारेकडून मूल होऊ दिले, आणि शंभराव्या वर्षी मूल होणार हे ऐकून तो पालथा पडून हसला. रोमकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की तो अविश्वासामुळे डळमळला नाही, आणि वर्गात कोणी तरी हमखास विचारते की मग हे हसणे काय? माझे उत्तर असे की तो हसला, चुकला, घाईही केली, पण ज्याने शब्द दिला त्याचा हात सोडून दुसरीकडे गेला नाही. विश्वास म्हणजे तो धरलेला हात. त्या हाताची ताकद कोणी मोजत नाही.

पौलाचा पुढचा मुद्दा वर्षांच्या हिशेबाचा आहे आणि मला तो फार आवडतो. हागारेचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा होता. कराराची खूण म्हणून सुंता झाली तेव्हा तो नव्याण्णव वर्षांचा आणि इश्माएल तेरा वर्षांचा होता. नीतिमान गणला गेल्याचे वचन इश्माएलाच्या जन्माच्याही आधीचे आहे. म्हणजे किमान तेरा वर्षे अब्राहाम सुंतेवाचून नीतिमान होता. मोशेचे नियमशास्त्र तर, गलतीकरांच्या पत्रात पौल म्हणतो त्याप्रमाणे, त्यानंतर 430 वर्षांनी आले. एकदा कायम झालेला करार नंतर आलेल्या अटीने रद्द होत नाही. नोंदणी झालेल्या खरेदीखतात कोणी मागाहून कलम घुसडू शकत नाही, तसेच हे. गलतियात काही शिक्षक नव्या विश्वासणाऱ्यांना सांगत होते की तुम्हांला अब्राहामाच्या घरात यायचे असेल तर आधी सुंता करा. पौलाने इतक्या तिखट शब्दांत दुसरे पत्र क्वचितच लिहिले असेल. तुमच्या खिशातला तो कागद मला त्या सुंतेचाच नवा अवतार वाटतो: ख्रिस्त पुरेसा आहे, पण शिवाय एवढे कराच.

‘संतान’ या शब्दावर पौल जो जोर देतो, तो पहिल्यांदा वाचणाऱ्याला ओढूनताणून आणलेला वाटतो. अभिवचन ‘संतानाला’ दिले, ‘संतानांना’ नव्हे, आणि ते संतान म्हणजे ख्रिस्त, असे तो म्हणतो. मूळ इब्री शब्दाचा अर्थ बी, आणि आपल्या ‘बियाणे’सारखाच तो एकवचनी असून समूहाचा वाचक आहे. हे पौलाला ठाऊक नव्हते असे नाही, कारण त्याच अध्यायाच्या शेवटी तो शब्द अनेकांना लावून लिहितो: “तुम्ही जर ख्रिस्ताचे आहात तर अब्राहामाचे संतान आणि अभिवचनानुसार वारीस आहात.” म्हणजे वाट आधी एकावर येऊन अरुंद होते आणि त्या एकातून पुन्हा रुंदावते. त्यामुळे अब्राहामापर्यंत तुमची वंशावळ जुळवण्याची गरज उरत नाही. तुम्ही ख्रिस्ताचे असलात की बाकीचे त्यातच आले.

मग येते दत्तकपणाची भाषा. गलतीकरांच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की वारीस लहान असतो तोवर सर्वांचा धनी असूनही तो पालकांच्या व कारभाऱ्यांच्या अधीन असतो, आणि लगेच पुढे दत्तकपुत्र होण्याचा हक्क सांगतो. रोमी जगात दत्तक ही किरकोळ सोय नव्हती. जुलियस कैसराने मृत्युपत्राने दत्तक घेतलेला मुलगाच पुढे औगुस्त कैसर झाला, आणि त्यानेही तिबिर्याला दत्तक घेतले. राज्य दत्तकाने चालत येते, हे पौलाच्या वाचकांना नवे नव्हते.

मराठी माणसालाही ते नवे नाही. 1875 साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गायकवाडांपैकी गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. दत्तकविधान झाले त्या दिवशी तो मुलगा गादीचा धनी झाला, पण कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे राहिला आणि संपूर्ण अधिकार हाती यायला 1881 साल उजाडले. मधली वर्षे शिक्षणाची होती. मी वर्गात विचारतो की अभ्यास चांगला केला म्हणून त्यांना दत्तक घेतले, की दत्तक घेतले म्हणून अभ्यास करावा लागला? याचे उत्तर सगळ्यांना येते. पवित्र जीवन, प्रार्थना, वचनाचा अभ्यास, दानधर्म हे सगळे कवळाण्यानंतरचे आहे. याकोबाचे पत्र कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे म्हणते तेही येथेच बसते. गादीवर बसून कारभार शिकायलाच नकार देणाऱ्या मुलाला आपण गादी समजली असे म्हणणार नाही.

हा दृष्टांत दोन ठिकाणी लंगडा पडतो. सयाजीराव निदान गायकवाडच होते, भाऊबंदांतले होते. पौल मात्र परक्यांना घरात घेण्याविषयी बोलतो आहे. दुसरे असे की आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचे जन्माचे गोत्र सुटते, आणि तुमचा उपदेशक नेमके तेच म्हणेल. पण हा विचार ज्याने मांडला त्या पौलाचे स्वतःचे वागणे पाहा. रोमकरांच्या अकराव्या अध्यायात तो सरळ सांगतो की मी इस्राएली, अब्राहामाच्या संतानातला, बन्यामिनाच्या वंशातला आहे. नवव्या अध्यायात तर देहदृष्ट्या जे माझे बांधव आहेत त्यांच्यासाठी मी स्वतः शापभ्रष्ट होऊन ख्रिस्ताला अंतरावे, असे म्हणण्यापर्यंत तो जातो. दत्तकपणाने त्याच्या मनातली भावकी तुटली नाही, उलट ती जास्त दुखू लागली.

इथवर आलो ते असे: अब्राहाम पहिल्या पिढीचा होता, अभिवचन एकतर्फी होते, ते ख्रिस्तातून तुमच्यापर्यंत येते, आणि त्यासाठी आजोबांच्या नावावर काट मारण्याची अट कोठेही नाही. आता त्या ‘धनाचे’ पाहू.

मराठी बायबलमध्ये वारशासाठी जागोजागी ‘वतन’ हा शब्द आहे, आणि तो भाषांतरकारांनी विचारपूर्वक उचललेला दिसतो. वतन म्हणजे पाटील, कुळकर्णी यांच्या घराण्यांत चालत येणारी जमीन आणि मान. पण एका मंडळीत मी हा शब्द समजावून सांगत होतो तेव्हा मागे बसलेल्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, आमचंबी वतनच होतं, सांगावं पोचवायचं न् लाकडं फोडायचं.” त्यांचे आजोबा महारवतनाच्या चाकरीत होते. ते वतनसुद्धा जन्मानेच येत असे, चिमूटभर जमीन देऊन पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेत असे, आणि 1958 च्या कायद्याने ते खालसा व्हावे लागले. त्या दिवसापासून मी हा शब्द जपून वापरतो. पण पौलाचे म्हणणे त्या बाईंमुळेच मला नीट कळले: हे वतन जन्माने येत नाही, चाकरीच्या बदल्यात येत नाही, आणि म्हणून कोणी ते जन्माच्या नावाखाली नाकारूही शकत नाही.

या वतनात काय आहे? उपदेशक गलतीकरांचे 3:14 अर्धेच वाचून थांबतात. अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, मिळावा, येथवर वाचून ते गुरेढोरांकडे वळतात. वचन पुढे स्वतःच सांगते की तो आशीर्वाद म्हणजे विश्वासाच्या द्वारे मिळणारे आत्म्याविषयीचे अभिवचन. इफिसकरांच्या पहिल्या अध्यायात त्याच पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हटले आहे. जमिनीचा व्यवहार केलेल्या माणसाला विसार समजावून सांगावा लागत नाही. पैसे हातात आलेले असतात, ते खरे असतात, व्यवहार पक्का झाल्याची ती खूण असते, पण पूर्ण ताबा अजून पुढे असतो. ख्रिस्ती माणसाचे आयुष्य त्या मधल्या काळातले आहे.

अब्राहाम श्रीमंत होता हे खरे. तेराव्या अध्यायात तसे स्पष्ट लिहिले आहे. पण ज्या भूमीचे अभिवचन होते तिच्यातले त्याच्या नावावर काय झाले, ते तेविसाव्या अध्यायात पाहा. सारा हेब्रोनात वारली. अब्राहाम हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणतो की मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला माझे माणूस पुरायला जागा विकत द्या. एफ्रोन आधी सर्वांदेखत म्हणतो, घ्या हो, शेत तुम्हांला दिले. मग हळूच आकडा टाकतो: चारशे शेकेल रुप्याची जमीन, तुमच्यामाझ्यात तिचे काय एवढे! जमिनीचा सौदा करणाऱ्या कोणत्याही गावकऱ्याला हा एफ्रोन ओळखीचा वाटेल. अब्राहाम घासाघीस न करता वेशीत बसलेल्यांसमक्ष रुपे तोलून देतो. अभिवचनाच्या देशात त्याच्या मालकीचे झाले ते मकपेलाचे शेत आणि त्यातली गुहा, म्हणजे एक कबर, तीही पूर्ण दाम मोजून. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय म्हणतो की हे सर्व जण अभिवचनांची फळे हाती न येता विश्वासात मेले; त्यांनी ती दुरून पाहिली आणि त्यांना वंदन केले. तेव्हा ज्याची पिकअप गाडी नाही किंवा ज्याची नोकरी सुटली, त्याचे वतन अडले आहे असे मानायला आधार नाही. मी काही गरिबीचे गोडवे गात नाही. देव पोटापाण्याची काळजी वाहतो, आणि आम्ही रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करतोच. पण ती काळजी वेगळी आणि अभिवचनाचे वतन वेगळे.

शापाविषयी थोडे लांबवतो, कारण तुमच्या मनात भीती बसली आहे ती येथे. दहा आज्ञांत वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत शासन करणारा देव, असे शब्द आहेत. त्याच वाक्याचा उत्तरार्ध हजारो पिढ्यांवर दया करण्याचा आहे, तो शिबिरात बहुधा वाचला गेला नसावा. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात लोक एक म्हण घोळवत असतात: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव म्हणतो, ही म्हण बंद करा. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. आणि शापाचा विषय काढायचाच तर गलतीकर 3:13 पुरेसे आहे: ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला आणि त्याने आपल्याला सोडवले. जे वधस्तंभावर झाले ते कागदावर पेनने पुन्हा करायचे राहिलेले नाही.

तरीही पेत्राच्या पहिल्या पत्रात वाडवडिलांच्या परंपरेने आलेल्या निरर्थक वागणुकीपासून सुटका, असे शब्द आहेत, आणि ते मी गुंडाळून ठेवणार नाही. घरातून काही गोष्टी खरोखर खाली येतात. मी एका घराला वीस वर्षे ओळखतो. आजोबा, बाप आणि थोरला मुलगा, तिघेही दारूने पोखरलेले. धाकट्याने पहिल्यांदा नाही म्हटले ते कोणत्या शिबिरात नव्हे. तो पगाराच्या दिवशी माझ्याकडे येऊन पाकीट टेबलावर ठेवायचा आणि आम्ही दोघे दुकानात जाऊन महिन्याचा किराणा भरायचो. हे तीन वर्षे चालले. शिवीगाळ, कर्ज, बायकोवर हात टाकणे, खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाला वेगळा कप देणे, हेही वारशानेच येते, आणि पिढीजात ख्रिस्ती घरांतूनही येते. तुमच्या घरातून असे काही तुमच्यात उतरले असेल तर त्याचे नाव घेऊन ते सोडा. पण ते करताना आजोबांचे नाव आणि आजोबांचा दोष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुम्ही लिहिता की खोटे बोलू नये आणि उपाशी माणसाला परत पाठवू नये हे तुम्ही त्यांच्याकडून शिकलात. यातले काय टाकायचे?

पिढीजात ख्रिस्ती माणसांविषयीही लिहायला हवे, कारण मंडळीत तुम्हांला ‘नवे’ म्हणून हिणवणारे कोणी ना कोणी भेटेल. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या काठी म्हणाला होता, अब्राहाम आमचा बाप आहे असे मनात आणू नका, देव या दगडांपासूनही अब्राहामासाठी मुले उत्पन्न करू शकतो. मिशनच्या आवारात जन्मलेल्या माझ्यासारख्यांना ते वचन आहे. उलट, जकात गोळा करणाऱ्या जक्कयाला प्रभूने सर्वांदेखत अब्राहामाचा पुत्र म्हटले.

आणि आपण नवे आत आलो म्हणून जुने बाहेर गेले, असेही समजू नका. कोकणात अलिबागच्या आसपासच्या गावांत राहणारे, मराठी बोलणारे बेने इस्राएल हे यहुदी लोक आठवा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी आडनावे गावांवरून कोकणी पद्धतीने घेतली, आणि सुंता व शब्बाथ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान 1796 साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. अब्राहाम हा त्यांचा देहानेही पूर्वज आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी त्यांच्यापुढे नाक वर करण्याचे कारण नाही. रोमकरांच्या अकराव्या अध्यायात पौल परराष्ट्रीयांना रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी म्हणतो आणि बजावतो की तू मुळाला उचलून धरले नाहीस, मुळाने तुला उचलून धरले आहे. आंब्याचे कलम पाहिलेल्या माणसाला हे कळते: खुंट दुसऱ्याचा असतो.

कलम झाल्यावरही फांदी आपल्या जातीचेच फळ देते, ही गोष्ट मला मराठी ख्रिस्ती इतिहासात दोन माणसांत फार ठळक दिसते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, आणि आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी आलो, असे ते सांगत. त्यांची ख्रिस्ती भजने अभंगाच्या चालीवर आजही आमच्या मंडळ्यांत गायिली जातात. पंडिता रमाबाईंना संस्कृत आईवडिलांनी शिकवले, 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे केडगावला मुक्तिसदनात त्यांनी इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरात लागलेली शब्दाची शिस्त त्या कामी आली. त्यांनी ‘पंडिता’ टाकले नाही.

आजोबांचे आता काय, हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण ओळींच्या मध्ये तो मला दिसला. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि जो देतो त्याच्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहामानेच देवाला विचारले होते की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मी तेथे थांबतो.

चुलत्यांच्या बोलण्यात कायद्याचा भागही आहे, तो वेगळा काढा. धर्म बदलल्याने माणसाचा मालमत्तेतला हक्क जाऊ नये म्हणून 1850 सालीच कायदा झाला होता. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क काढलेला नाही. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांविषयी मात्र वेगळे कलम आहे. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, वाटणी झाली की नाही, मृत्युपत्र आहे का, यांवर पुष्कळ अवलंबून असते, म्हणून सातबारा आणि फेरफार घेऊन वकिलाकडे जा. लग्नाच्या आधी हा विषय चुलत्यांपुढे काढू नका, एवढेच माझे वैयक्तिक मत.

आता पत्रिका. आजोबांचे नाव घाला. ख्रिस्ती घरांत दिवंगतांच्या नावापुढे ‘ख्रि. वा.’, म्हणजे ख्रिस्तवासी, लिहितात, ते आजोबांना लावू नका, कारण ते त्यांचे नव्हते आणि चुलत्यांना ते हिसकावून घेतल्यासारखे वाटेल. ‘कै.’ लिहिताना तुमचे मन अडत असेल तर साधे ‘दिवंगत’ लिहा, आणि त्याखाली ‘यांचा नातू’. मजकूर छापखान्यात देण्याआधी तो चुलत्यांना वाचायला द्या आणि नाव बरोबर लिहिले आहे ना, एवढेच विचारा.